एलात : पाहुण्यांवर जगणारं गाव



गेल्या महिन्यात माझी धाकटी नात शाळेतून एक कागद घेऊन आली. त्यावर हिब्रूत प्रश्न होता, तुमचं गाव कशावर जगतं? घरातल्या मोठ्या माणसांना विचारून लिहून आणा. ती माझ्यापाशी येऊन बसली आणि म्हणाली, "सव्ता, आपण कशावर जगतो?" मी भाजी निवडत होते. म्हटलं, "पाहुण्यांवर." तिला वाटलं मी चेष्टा करते. म्हणाली, "पाहुण्यांना तर आपण खायला घालतो. ते आपल्याला कसे जगवणार?"

पोरीचं म्हणणं काही खोटं नव्हतं. तिला मी चार ओळींचं उत्तर सांगितलं, कागदावर जागाच तेवढी होती. बाकीचं इथं लिहिते आहे. बाळांनो, हे मुख्यतः तुमच्यासाठी आहे. मोठ्यांनी वाचलं तर शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात. माझगावच्या एली कदूरी शाळेत मी एसएससीपर्यंत मराठीतून शिकले, १९६९ साली भावाबरोबर आलिया केली, आणि त्यानंतर मराठी लिहिलं ते फक्त आईबाबांच्या पत्रांत. त्या पत्रांत मी काही वर्षं एक खोटंही लिहीत होते. ते पुढे येईलच.

आधी गावाची गोष्ट. १० मार्च १९४९ ला आपले सैनिक इथे तांबड्या समुद्रावर पोचले, तेव्हा गाव नव्हतंच. उम्म रश्रश नावाची पोलीस चौकी आणि मातीच्या काही खोल्या. विजयाचा झेंडा लावायचा तर झेंडाच कोणी आणला नव्हता. मग एका पांढऱ्या चादरीवर शाईने दोन पट्टे ओढले, आणि मधला मागेन दाविद कुठून आणला माहीत आहे? प्रथमोपचाराच्या पेटीवरचा काढून शिवला. मी आयुष्यभर नर्सचं काम केलं, म्हणून ही गोष्ट सांगताना मला उगीचच अभिमान वाटतो. त्या झेंड्याचं शिल्प आजही गावात उभं आहे, शाळेच्या सहलीत बघितलं असेल.

तेव्हा कोणी म्हटलं असतं की इथं लोक मौजेसाठी येतील, पैसे देऊन येतील, तर त्याला उन्हाचा झटका बसलाय असं समजले असते. पाऊस जवळजवळ नाही. ऑगस्टात पारा चाळीसच्या वर. आजूबाजूला उघडे लाल डोंगर. बेअरशेवा सव्वादोनशे किलोमीटरहून लांब. लोकांना इथं आणलं ते दोन गोष्टींनी, बंदराने आणि तिम्ना इथल्या तांब्याच्या खाणीने. शलोमो राजाच्या खाणी म्हणतात त्या याच. पन्नाशीच्या दशकात सरकारने तिथं पुन्हा तांबं काढायला सुरुवात केली.

आमचे हे त्या खाणीत कामाला होते. मूळचे पनवेलचे. लग्न १९७३ साली बेअरशेव्याला झालं, आणि दुसऱ्या वर्षी मी एलातला आले, इस्पितळात नोकरी मिळाली. ह्यांच्या अंगाला खाणीची हिरवट धूळ असायची, ती कपड्यांतून कधी गेली नाही. पण पगार चांगला, मान चांगला. खाणवाला म्हणजे देश बांधणारा माणूस, असं ते दिवस होते. १९७६ मध्ये जगात तांब्याचे भाव पडले आणि खाण बंद झाली. आमची मोठी मुलगी तेव्हा आठ महिन्यांची होती.

बंदरात काम मिळेना. तिथंही पूर्वीसारखं काही राहिलं नव्हतं, कारण १९६७ पासून बंद असलेला सुवेझ कालवा १९७५ च्या जूनमध्ये पुन्हा सुरू झाला होता. राहिलं काय? हॉटेलं. तेव्हा ती आजच्यासारखी डझनांनी नव्हती. पण हिवाळ्यात युरोपातून विमानं भरभरून यायला लागली होती. स्वीडन-डेन्मार्कच्या लोकांना जानेवारीत ऊन मिळतंय म्हटल्यावर ती माणसं सकाळपासून रात्रीपर्यंत वाळूवर पडून असत. आपल्याकडे उन्हात कोण बसतं? मिरच्या आणि पापड. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, ह्यांना कोणीतरी सावली दाखवा.

तर ह्यांनी एका हॉटेलात वेटरची नोकरी धरली. नाव घेत नाही, ते हॉटेल आता त्या नावाने नाहीच. पहिल्या दिवशी काळी पँट, पांढरा शर्ट आणि गळ्यात बो. आरशासमोर उभे राहून म्हणाले, "कसा दिसतो?" मी म्हटलं, "लग्नातल्या बँडवाल्यासारखे." ते हसले. मी हसले नाही. मला लाज वाटत होती. आमच्या घरी पाहुणा आला की दारात पाणी, वर गुळाचा खडा, मग चहा, मग जेवल्याशिवाय सोडायचं नाही. आमच्या आईने कोणाच्या हातावर साधं पोहे-खोबरं ठेवलं तरी त्याचे पैसे घ्यायची कल्पना कोणाला सुचली नसती. आणि इथं माझा नवरा ताटं वाढून टिप घेत होता. एका गोऱ्या बाईने त्यांच्या खिशात नोट खोचली, ते त्यांनी घरी येऊन हसत सांगितलं, तेव्हा मी रात्रभर बोलले नाही.

मग मुंबईला पत्र लिहायला बसले आणि लिहिलं, "जावई आता एका मोठ्या हॉटेलात ऑफिसात सुपरवायझर आहेत." हेच ते खोटं. एकदा लिहिलं की पुढच्या पत्रात त्याला जोडावं लागतं. पाच वर्षांत मी त्यांना दोनदा बढती दिली.

१९८१ साली आईबाबा आलियात आले, रामल्याला घर मिळालं. हनुक्काच्या सुट्टीत पहिल्यांदा एलातला आले, बसने, तेल अवीवपासून पाच तास. मी ह्यांना म्हटलं होतं की बाबांना हॉटेलात आणू नका. पण बाबांनाच हौस. रेल्वेत क्लार्क होते ते, बोरीबंदरला रोज हजारो माणसं येताजाता बघितलेली; म्हणाले, जावयाचं ऑफिस बघतो. मी इस्पितळात ड्युटीवर होते, आणि ते चालत गेले. लॉबीत बसले. तिथून जेवणाचा हॉल दिसतो. एका टेबलावरून कोणीतरी चुटकी वाजवली, आणि आमचे हे सहा माणसांच्या सूपचा ट्रे एका हातावर घेऊन गर्दीतून गेले. बाबांनी सगळं बघितलं. ह्यांनीही त्यांना बघितलं.

संध्याकाळी घरी मी भीतभीत चहा ठेवला. बाबा म्हणाले, "एक थेंब सांडला नाही. बघितलंस कधी तू? वरून मुलं धावत होती मधून." पत्रांचा विषय त्यांनी कधीच काढला नाही. मीही काढला नाही. ते १९९४ मध्ये गेले.

आता नातीच्या प्रश्नाकडे येते. पाहुणा आपल्याला कसा जगवतो? बाळांनो, असं बघा. एक कुटुंब पेसाहच्या सुट्टीत हैफ्याहून येतं आणि हॉटेलला पैसे देतं. त्या पैशातून खोली आवरणाऱ्या बाईचा पगार. चादरी धुणाऱ्या लाँड्रीचं बिल. आरावातल्या मोशावचे टोमॅटो, सिमला मिरची, खजूर. केर नेणारा, लिफ्ट दुरुस्त करणारा, कश्रुथ बघणारा मश्गिआख, तलावावरचा जीवरक्षक. मग ते कुटुंब बाहेर पडतं. काचेच्या तळाची बोट. समुद्राखालची वेधशाळा, जिथं जिना उतरून खाली गेलं की खिडकीबाहेर मासे आपल्याकडे बघतात. टॅक्सी. आइस्क्रीम. आणि खरेदी, कारण १९८५ च्या कायद्याने एलातमध्ये मअम नाही. देशात इतरत्र २०२५ पासून तो १८ टक्के झाला आहे, म्हणजे शंभर शेकेलच्या वस्तूवर अठरा शेकेल वाचतात. हे वाचवण्यासाठी लोक दोनशे शेकेलचं पेट्रोल जाळून येतात, ते वेगळं.

त्यातला मुलगा समुद्रात काट्यांच्या काळ्या गोळ्यावर पाय देतो, हिब्रूत त्याला किपोद याम म्हणतात, आणि रडत माझ्याकडे येतो. म्हणजे माझाही पगार पाहुण्यांवरच होता! इस्पितळात आम्ही मोसम ओळखायचो तो कॅलेंडरवरून नव्हे. उन्हाने भाजलेल्या पाठी वाढल्या की समजायचं उत्तर युरोपचं विमान आलं. पाणी न पिता चक्कर आलेले आजोबा, माशाचा काटा लागलेले पाणबुडे. हे लक्षात ठेवा, उपयोगी पडेल: दगडासारखा दिसणारा किंवा पिसाऱ्यासारखे पंख असलेला मासा चावत नाही, त्याच्या काट्यात विष असतं. काटा लागला तर तो भाग सोसवेल इतक्या गरम पाण्यात ठेवायचा, बर्फात नाही, आणि इस्पितळ गाठायचं. सोसवेल इतक्या, हे महत्त्वाचं. मी विषाबरोबर भाजलेले पायही बघितले आहेत.

आणि पाहुण्यांच्या मागची माणसंही माझ्याकडेच येत. खोल्या आवरणाऱ्या बायकांच्या कंबरा. दिवसाला पंधरा-सोळा खोल्या, म्हणजे तेवढ्या वेळा जड गाद्या उचलून चादर खोचायची. ब्लीचने सोललेले हात. स्वयंपाकघरातली तेलाची भाजणी. ही माणसं बदलत गेली, ते मी त्यांच्या नावांवरून बघत गेले. आधी मोरोक्कोच्या आणि आपल्या बायका, मग १९९० नंतर रशियाहून आलेल्या, त्यात दोघीतिघी तिकडे इंजिनियर होत्या. पुढे सुदान आणि एरिट्रियाहून पळून आलेले. २०१५ नंतर पलीकडच्या अकाबाहून रोज सकाळी सीमा ओलांडून येणारे आणि संध्याकाळी परत जाणारे जॉर्डनचे कामगार, दीड हजारांच्या घरात. १९९४ चा शांततेचा करार झाला तेव्हा सगळ्यांनी भाषणं केली. मला तो करार समजला तो अकाबाच्या एका मुलाने माझ्याकडून बोटाला टाके घालून घेताना आपल्या आईच्या गुडघेदुखीवर सल्ला विचारला तेव्हा. शिवाय सैन्यातून सुटलेली आपली मुलंमुली. सहा महिने हॉटेलात काम केलं की सरकारकडून अनुदान मिळतं, ते घेऊन ती सरळ गोव्याला नाही तर हिमाचलला जातात. तिकडे पाहुणे होतात.

करमणूक हा तर गावाचा दुसरा श्वास. नुसतं ऊन किती दिवस पुरणार? १९८७ पासून जाझचा महोत्सव सुरू झाला आणि तो बंदरात भरायचा. मोठमोठे कंटेनर रचून भिंत केलेली, मध्ये स्टेज. आमचे हे म्हणायचे, ज्या बंदराने मला काम दिलं नाही तिथं आता मी तिकीट काढून जातो. जाझ त्यांना कळत नव्हतं, मलाही नाही. पण रात्री दहा वाजता समुद्रावरचा वारा आणि तुतारीसारखं ते वाद्य, बरं वाटायचं. आपला होदूयादा एलातला भरला तेव्हाची गर्दी तर तुम्हाला मोठ्यांना आठवत असेल. देशभरातून आपले लोक बसेस करून आले होते. हॉटेलच्या लॉबीत साड्या, मोगऱ्याचे गजरे म्हणून प्लास्टिकची फुलं, आणि मराठीतून हाका. रिसेप्शनवरची मुलगी घाबरून गेली होती, सगळ्यांनाच समुद्राकडची खोली हवी आणि सगळेच एकमेकांचे नातेवाईक. त्या दिवशी आमच्या ह्यांना आयुष्यात पहिल्यांदा मराठीतून ऑर्डर मिळाली. एका आजींनी विचारलं, "काय रे बाळा, ह्या माशाला आंबट नाही का?" ते मला घरी येऊन दहा वेळा सांगितलं.

पाहुण्यांवर जगणाऱ्या गावाला एक रोग असतो, त्याला ताप दुसऱ्याच्या घरी आला तरी चढतो. कुठंही काही झालं की इथं खोल्या रिकाम्या. १९९१ च्या आखाती युद्धात मात्र उलटं झालं. तेल अवीववर स्कड पडायला लागले तेव्हा कितीतरी कुटुंबं गॅसच्या मास्कसकट इथं आली. २०२० च्या मार्चमध्ये कोरोना आला आणि हॉटेलांना कुलूप लागलं, तेव्हा गावातली बहुतेक माणसं एका महिन्यात बिनपगारी रजेवर गेली. आमच्या जिन्यातल्या आठ घरांपैकी सहा घरी. तायेलेतवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, मी काठी टेकत एकटी चालायचे आणि समुद्र असा स्वच्छ की मासे काठावरून दिसत. सुंदर होतं ते, आणि भीतीदायक. त्या वर्षी नोव्हेंबरात एलात आणि मृतसमुद्राकडची हॉटेलं तपासणी करून उघडली, तेव्हा लोकांनी पहिल्या टूरिस्टांकडे सोयऱ्यासारखं बघितलं.

मला एक खटकतं, ते लिहूनच टाकते. हे गाव आता सामान्य माणसाला परवडत नाही. चार माणसांचं कुटुंब एलातला चार दिवस राहण्यापेक्षा ग्रीसला जाऊन येतं. आणि इथली पोरं सैन्यातून सुटली की उत्तरेकडे जातात, कारण हॉटेलाबाहेर काम नाही. एकच दुकान चालवणाऱ्या माणसासारखं झालंय. गावातला जुना विमानतळ मार्च २०१९ मध्ये बंद करून रामोन विमानतळ वाळवंटात नेला. ते शहाणपणाचंच असेल. पण पूर्वी विमान घरांवरून इतकं खाली यायचं की पोरं हात हलवायची आणि आम्हाला न विचारता कळायचं की आज पाहुणे आले.

आता २०२३ च्या ऑक्टोबरचं सांगते. हा लेख खरं म्हणजे त्यासाठीच लिहायला घेतला.

शिम्हाथ तोराच्या त्या शब्बाथला, ७ ऑक्टोबरला, काय झालं ते मी इथं सांगत नाही. मोठ्यांना माहीत आहे, आणि लहानांना आपापल्या घरी सांगितलं जाईल. दोन-तीन दिवसांत एलातला बसेस यायला लागल्या. किबुत्झ नीर ओझचे वाचलेले लोक आले. स्देरोतचे आले, सीमेजवळच्या इतर गावांचे आले. एलातची वस्ती पन्नास हजारांच्या थोडी वर, आणि साठ हजारांच्या आसपास विस्थापित आले. मेफुनीम हा शब्द तेव्हा रोज कानावर पडायला लागला. ज्या लॉबीत माणसं चाकाच्या बॅगा घेऊन येतात, तिथं ही माणसं प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन आली, काही नुसती हात हलवत, पायात घरातल्या सपाता.

मी निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण इस्पितळातल्या एका मुलीचा फोन आला. गेले. एका हॉटेलच्या कॉन्फरन्सच्या खोलीत टेबलं जोडून दवाखाना केला होता. म्हाताऱ्या माणसांची औषधं घरी राहिलेली, चिठ्ठी नाही, नावं आठवत नाहीत. मी विचारायचे, गोळीचा रंग कोणता? केवढी? सकाळी की रात्री? अशी रंगांवरून आम्ही औषधांची यादी केली आणि मग कंप्युटरशी ताडून बघितली. इन्सुलिन सगळ्यात आधी. रात्री तीन वाजता लोक कार्पेटवरून नुसते चालत असत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कोणी त्यांना झोपायला सांगत नव्हतं.

तिथंच मावशी भेटल्या. वय त्र्याऐंशी. शब्बाथच्या दुपारी खोलीच्या दारापुढे उभ्या होत्या, कारण दार कार्डाने उघडतं, आणि शब्बाथला त्या विजेच्या कार्डाला हात लावणार नाहीत. कोणाला सांगावं तर हिब्रू त्यांचं तोडकं. शेवटी खोल्या आवरणारा एक सुदानी माणूस आला, त्याने काही न विचारता आपल्या कार्डाने दार उघडलं. त्या स्वतःशी पुटपुटल्या, "देव तुझं भलं करो रे बाबा." मी मागून येत होते. मी मराठीत म्हटलं, "मावशी, कुठल्या तुम्ही?" त्या वळल्या आणि भिंतीला टेकून खालीच बसल्या. रोह्याच्या. नवरा नाही, मुलगा दुसऱ्या गावी हॉटेलात हलवलेला. आठ दिवसांत त्या कोणाशी धड बोलल्या नव्हत्या.

हॉटेलात जेवण भरपूर. सकाळी वीस प्रकारचं सॅलड, चीज, मासे, केक. मावशींना त्यातलं काही जाईना. म्हणायच्या, "रोज लग्नघरी जेवल्यासारखं वाटतं, आणि लग्न कोणाचंच नाही." त्यांना वालाचं बिरडं खायचं होतं. हॉटेलात बाहेरचं शिजवलेलं नेता येत नाही, कश्रुथमुळे. खोलीत चूल लावता येत नाही. मी घरी करून आणते म्हटलं तर म्हणाल्या, "आणि मी काय करू? बसून राहू? दोन महिने मी कोणाचं भांडंसुद्धा विसळलं नाही. पाहुणी म्हणून माणूस किती दिवस बसणार, सांग तू मला."

मला एकदम आमचे हे आठवले, पहिल्या दिवशीचे, आरशासमोरचे. मी त्यांना सांगायला हवं होतं की छान दिसता.

मग मी मोड आलेले वाल ओल्या फडक्यात बांधून हॉटेलातच घेऊन गेले. लॉबीतल्या कोचावर आम्ही दोघी सोलायला बसलो, मध्ये थाळा. मश्गिआख आला, दाढी कुरवाळत उभा राहिला. म्हणाला, हे काय? मी सांगितलं, शिजवणार माझ्या घरी, इथं फक्त सोलतोय. त्याने एक वाल हातात घेतला, उजेडात धरून किडा आहे का बघितलं, आणि तोही बसला.

माझी मोठी नात त्या हॉटेलच्या करमणुकीच्या चमूत होती. पिवळे टी-शर्ट घालून तलावापाशी मुलांना नाचवतात ना, ते. ऑक्टोबरात त्यांच्यापुढे जी मुलं आली त्यांना काय नाचवणार? पहिल्याच दिवशी एक फुगा फुटला आणि खोलीतली सगळी मुलं टेबलांखाली गेली. त्यानंतर त्यांनी फुगे आणि मोठ्या आवाजाची गाणी बंद केली. चमूतली पोरं स्वतः वीस-एकवीस वर्षांची, रात्री घरी येऊन रडायची. तर आम्ही सोलत बसलो होतो आणि एक मुलगा येऊन उभा राहिला. सात वर्षांचा असेल. मावशींनी न बोलता त्याच्या हातावर एक वाल ठेवला आणि बोटाने दाबून दाखवलं, सालातून दाणा कसा टुणकन बाहेर येतो. त्याने दाबला. तो उडून मश्गिआखच्या दाढीत गेला. मुलगा हसला. नातीने मला नंतर सांगितलं की इथं आल्यापासून तो पहिल्यांदा हसला होता.

दुसऱ्या दिवशी नऊ मुलं. आठवड्याने मला बेअरशेव्याहून पाच किलो वाल मागवावे लागले, आणि दुकानदाराने विचारलं, लग्न आहे का?

शिजवलेलं बिरडं मी डब्यात घालून तायेलेतवर आणायचे. हॉटेलच्या बाहेर बाकावर बसून आम्ही दोघी भाताबरोबर खायचो, समोर अकाबाचे दिवे. एकदा सायरन झाला, येमेनहून आलेलं काहीतरी. मावशी डबा सोडायला तयार नव्हत्या. डब्यासकट धावलो.

एक गोष्ट तेव्हा नीट दिसली. हॉटेलं कधी नव्हे इतकी भरली होती, पैसे सरकार देत होतं, आणि तरी गाव आजारी होतं. कारण घर सोडून आलेला माणूस गॉगल विकत घेत नाही, बोटीत बसत नाही. टॅक्सीवाले रिकामे. तेवढ्यात नोव्हेंबरपासून हुथींनी तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले आणि बंदरातली वर्दळ जवळजवळ थांबली. एका बाजूला गावात शाळा आणि बालवाड्या तंबूत, हॉलात उघडल्या जात होत्या. दुसऱ्या बाजूला दुकानांची शटरं खाली. म्हणजे नुसत्या खोल्या भरून गाव चालत नाही. आलेला माणूस खुशीने आलेला असावा लागतो, आणि परत जायला त्याला घर असावं लागतं.

२०२४ च्या वसंतात मावशींच्या गावचे लोक परत जायला लागले. जायच्या दिवशी मी सकाळी गेले तर खोली आवरणारी बाई दारात कमरेवर हात ठेवून उभी. मावशींनी चादरी काढून घडी केलेल्या, न्हाणीघर घासलेलं, आरसा पुसलेला, केराची पिशवी बांधून दाराशी. ती बाई म्हणाली, "मग मी काय करू?" मावशी मला म्हणाल्या, "तिला सांग, पाच महिने तिने माझं केलं. एक दिवस मी तिचं केलं." मी भाषांतर केलं. दोघींनी एकमेकींचे हात बराच वेळ धरले, दोघींचे हात ब्लीचने सारखेच लाल झालेले.

त्यानंतरही एलातला चैन नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ड्रोन भर गावात पडून वीसहून जास्त लोक जखमी झाले. मोठी नात आता बेअरशेव्याला नर्सिंग शिकते आहे. म्हणते, परत येईन की नाही माहीत नाही. मी आग्रह करत नाही.

धाकटीने शाळेच्या कागदावर शेवटी "समुद्र" असं लिहिलं, आणि त्याखाली लहान अक्षरात, "आणि पाहुणे, माझ्या सव्ताच्या मते." बाईंनी दोन्हीला बरोबरची खूण केली.

मावशींचा दर शुक्रवारी शब्बाथच्या आधी फोन येतो. प्रत्येक वेळी एकच: "आता तू ये. मुक्कामाला ये. माझ्या घरी ये." मी गुडघ्याचं कारण सांगत टाळत होते. शेवटी येत्या मंगळवारचं बसचं तिकीट काढलं. त्यांनी बजावलं आहे की हात हलवत यायचं, काही आणायचं नाही. काल रात्री मी अर्धा किलो वाल भिजत घातले. मंगळवारपर्यंत मोड येतील.